सोनं, मिनी आणि कड्यावर लटकलेली बस : ‘द इटालियन जॉब’बद्दल वाचकांचे प्रश्न

‘ब्रिटिश विनोदी दरोडापट’ या विषयावर प्रश्न पाठवा, असं आवाहन केल्यावर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच चित्रपटाबद्दल आली : १९६९ सालचा ‘द इटालियन जॉब’. दिग्दर्शक पीटर कॉलिन्सन, पटकथा ट्रॉय केनेडी मार्टिनची, नायक मायकेल केन. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात : तुरुंगातून नुकताच सुटलेला चार्ली क्रोकर इटलीतल्या तुरिन शहरात फियाटच्या कारखान्याकडे निघालेलं ४० लाख डॉलरचं सोनं पळवायचं ठरवतो. इंग्लंड-इटली फुटबॉल सामन्याच्या गर्दीचा आडोसा घ्यायचा, संगणकात गडबड करून शहरभर वाहतूक कोंडी करायची आणि त्या कोंडीतून तीन मिनी कूपर गाड्यांनी सोनं बाहेर काढायचं, असा बेत. पुढच्या उत्तरांमध्ये शेवट उघड केलेला आहे, तेव्हा बेतानं वाचा.

प्रश्न : ४० लाख डॉलरचं सोनं तीन छोट्या गाड्यांत मावेल का?

मावेल, पण गाड्या चालणार नाहीत. हिशेब करून बघू. चित्रीकरण झालं १९६८ मध्ये, तेव्हा सोन्याचा अधिकृत भाव होता ट्रॉय औंसाला ३५ डॉलर. ४० लाखांना ३५ ने भागलं की येतात सुमारे १,१४,२८६ औंस. एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम, म्हणजे एकूण सोनं ३,५५५ किलो, साडेतीन टनांच्या थोडं वर. बँकांच्या व्यवहारातली नेहमीची मोठी लगड ४०० औंसांची, साडेबारा किलोला थोडी कमी. तशा २८६ लगडी झाल्या.

आता आकारमान. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, त्यामुळे हे सगळं सोनं अवघ्या १८४ लिटर जागेत बसतं. प्रत्येक मिनीच्या वाट्याला ६१ लिटर. मिनीची डिकी दीडशे लिटरच्या आसपास, म्हणजे अर्धीसुद्धा भरली नाही. पडद्यावर पाहताना शंका येत नाही ती यामुळेच. जागेच्या हिशेबात खोट नाही.

खोट आहे ती वजनात. प्रत्येक गाडीत ११८५ किलो. मिनी कूपर एसचं स्वतःचं वजन साधारण ६५० किलो. म्हणजे गाडीनं स्वतःच्या पावणेदोनपट बोजा उचलायचा आणि वर जिनेही उतरायचे! त्यात डिकी मागच्या चाकांच्याही मागे असते. बोज्याचा मध्य मागच्या आसापासून (चाकं जोडणाऱ्या दांड्यापासून) ३० सेंटिमीटर मागे आला असं धरा. दोन आसांमधलं अंतर आहे २.०३ मीटर, तेव्हा पुढच्या चाकांवरचं सुमारे १७५ किलो वजन उचललं जातं. मिनी पुढच्या चाकांनी ओढली जाते आणि वळतेही त्यांनीच. त्यांच्यावरचा भार इतका घटला की चढावर चाकं जागच्या जागी फिरणार आणि वळणावर गाडी सरळच जायला बघणार. त्या काळच्या कूपर एसला हायड्रोलास्टिक सस्पेन्शन असायचं, त्यात पुढचं आणि मागचं चाक द्रवानं जोडलेलं असतं. मागे बोजा टाकला की द्रव पुढे ढकलला जातो आणि नाक आणखी वर येतं. ब्रेकची तर गोष्टच नको : चालकासह हिशेब केला तर थांबवायचं वस्तुमान अडीचपटीहून जास्त.

खरोखर न्यायचंच झालं तर? प्रत्येक गाडीला ४०० किलोची मर्यादा ठेवायची, चालक एकटा, मागचं आसन काढून लगडी दोन आसांच्या मध्ये तळाशी एका थरात मांडायच्या आणि पट्ट्यांनी करकचून बांधायच्या. तसं केलं तर किमान नऊ मिनी लागतील. पण ब्रिटिश राष्ट्रध्वजाचे तीन रंग, लाल-पांढऱ्या-निळ्या तीन गाड्या, ही गंमत नऊ गाड्यांत कुठून आणणार?

भरायला लागणारा वेळ मात्र पटण्यासारखा आहे. तीन गाड्यांजवळ माणसांच्या तीन साखळ्या केल्या, हातोहात दर दोन सेकंदांना एक लगड पुढे सरकवली, तर ९५-९६ लगडी सव्वातीन मिनिटांत भरून होतात.

प्रश्न : गोष्ट फियाटच्या गावात घडते, मग गाड्या फियाटच्या का नाहीत?

फियाटनं विचारलं होतं. कंपनीचे प्रमुख जान्नी अन्येल्ली यांनी हव्या तितक्या फियाट गाड्या द्यायची तयारी दाखवली होती. उलट मिनी बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीनं फारसा उत्साह दाखवला नाही. मोजक्या गाड्या सवलतीत मिळाल्या, बाकीच्या निर्मात्यांना विकत घ्याव्या लागल्या. तरी निर्माते मायकेल डीली मिनीवरच अडून राहिले आणि त्यांचं बरोबर होतं. इटालियनांच्या अंगणात जाऊन इंग्रजांनी इंग्रजी गाड्यांनी त्यांना चकवायचं, हीच तर या चित्रपटाची सगळी खोडी. फियाट ५०० मधून पळाले असते तर ती नुसती चोरी झाली असती.

शिवाय मिनी त्या कामाला खरोखरच योग्य होती. ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवून १९५९ मध्ये आणलेली ही गाडी लांबीला ३.०५ मीटर, रुंदीला १.४१ मीटर, चाकं फक्त दहा इंची. कमानींखालच्या पदपथावरून, दुकानांच्या गल्ल्यांतून ती सहज जाते. १९६४, ६५ आणि ६७ अशा तीन वर्षी तिनं मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेली, तेव्हा चपळाईबद्दल प्रेक्षकांना वेगळं पटवून द्यायची गरज नव्हती.

फियाटचं मोठेपण हे की नकार पचवूनही त्यांनी कारखान्याचं छत चित्रीकरणाला दिलं. लिंगोत्तो कारखान्याच्या गच्चीवर गाड्यांच्या चाचणीचा रस्ता होता, दोन्ही टोकांना उभारलेली वळणं. गाडी तळमजल्यापासून वर वर बनत जायची आणि तयार होऊन थेट छतावर धावायची. तिन्ही मिनी पोलिसांना हुलकावणी देत फिरतात तो हाच रस्ता.

प्रश्न : छतावरून छतावर मारलेली उडी खरी आहे की कॅमेऱ्याची करामत?

खरी. फ्रेंच स्टंटपटू रेमी ज्युलिएन आणि त्यांच्या चमूनं गाड्या खरोखरच उडवल्या. अर्थात रिकाम्या, सोन्याचं वजन त्यात नव्हतं.

अशा उडीचं गणित समजून घेण्यासाठी सोयीचे आकडे घेऊ (हे प्रत्यक्ष मोजमाप नव्हे). दोन छतांमध्ये १८ मीटर अंतर, दोन्हींची उंची सारखी, वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. हे अंतर कापायला ०.६५ सेकंद लागतो. तेवढ्यात कोणतीही वस्तू दोन मीटर खाली येते, म्हणून सपाट छतावरून सरळ सुटलेली गाडी समोरच्या भिंतीवर आदळेल. त्यावर उपाय म्हणजे टोकाला चढाची फळी. या वेगाला साधारण साडेसहा अंशांचा चढ पुरतो. डोळ्यांना तो जेमतेम जाणवतो, आणि पडद्यावर उडी अचानक घेतल्यासारखी वाटते त्याचं कारण हेच.

आता चुकीला किती जागा आहे ते बघा. त्याच फळीवर वेग १०० ऐवजी ९० असला तर गाडी साडेतीन मीटर अलीकडे पडते. म्हणूनच अशा कामात स्पीडोमीटरवर विसंबत नाहीत. वेग पकडायची सुरुवातीची खूण, गिअर बदलायची जागा आणि ‘इथं इतका वेग नसेल तर सोडून द्यायचं’ ही शेवटची खूण आधीच आखून घेतात. त्या शेवटच्या खुणेनंतर पुरेसं थांबण्याइतकं अंतर उरायलाच हवं.

दुसरी भानगड नाकाची. पुढची चाकं फळीवरून सुटली की ती अधांतरी आणि मागची अजून फळीवर, अशा क्षणी पुढचा भाग खाली झुकायला लागतो. मिनीचं इंजिन पुढे असल्यामुळे ही सवय जास्तच. नाकावर उतरली तर रेडिएटर आणि तेलाचं पात्र फुटतं, पुढचे सांधे वाकतात. म्हणून फळीला टोकाकडे किंचित वक्र चढ देतात, सुटताना ॲक्सिलरेटर सोडत नाहीत आणि इंजिनाखाली जाड पत्रा ठोकतात. उतरण्याच्या जागी पकड असलेला कोरडा पृष्ठभाग लागतो आणि तिथून पुढे थांबायला मोकळी जागा. छतावर ही शेवटची गोष्टच दुर्मीळ.

भरलेल्या मिनीनं हीच उडी मारायची म्हटलं तर हवेतला मार्ग तोच राहतो, गुरुत्वाकर्षणाला सोनं आणि पत्रा सारखेच. अडचण आधी आणि नंतर. आधी वेग घ्यायला अर्धा किलोमीटर धाव लागेल, आणि नंतर उतरताना मागचा आस राहणार नाही.

प्रश्न : बाकीच्या जागा तुरिनमधल्याच का? भुयारी गटाराचं दृश्य तिथलंच वाटतं.

नेमकं तेच तिथलं नाही. गटाराचं दृश्य इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ, तेव्हा बांधकाम चालू असलेल्या मोठ्या सांडपाणी वाहिनीत घेतलंय. तिथं पाइपाच्या भिंतीवरून गाडीची पूर्ण गिरकी घ्यायचाही प्रयत्न झाला, पण तो साधला नाही. पडद्यावर दिसतात त्या भिंतीवर चढून खाली येणाऱ्या लाटा.

लग्नाची वरात पांगवत मिनी ज्या पायऱ्यांवरून उतरतात ते तुरिनचं ग्रान मादरे दि दिओ हे चर्च. शिडासारखं वळणदार छत आहे ते पालावेलाचं, १९६१ च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं. २००६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिथं फिगर स्केटिंग झालं. त्या छतावर पोलिसांची अल्फा रोमिओ जुलिया घसरते तो क्षण बारकाईनं बघा, संपूर्ण पाठलागातला सगळ्यात नीट जमलेला विनोद तो आहे, आणि त्यात कुणी एक शब्द बोलत नाही. पो नदीचा बंधारा ओलांडतात तीही तुरिनचीच जागा.

एक दृश्य मात्र कापलं गेलं. पिएर लुईजी नेर्व्ही यांनी बांधलेल्या प्रदर्शन सभागृहात मिनी आणि पोलिसांच्या गाड्या ‘ब्लू डॅन्यूब’च्या तालावर नाचतात. तुकडा देखणा आहे, पण पाठलागाचा वेग मोडतो. कात्री योग्य ठिकाणी लागली.

प्रश्न : वाहतूक सांभाळणाऱ्या संगणकाची एक टेप बदलून शहराची वाहतूक बंद पाडता येईल का? बेनी हिलनं रंगवलेला प्रोफेसर पीच ते फारच सहज करतो.

टेप बदलण्यापेक्षा त्यानंतर काय होतं ते जास्त पटणारं आहे. सिग्नल पूर्ण बंद पाडायची गरजच नसते. वेळा चुकीच्या केल्या की पुरतं. दोन चौकांमधल्या १०० मीटरच्या रस्त्यावर एका रांगेत १५-१६ गाड्या बसतात. मागच्या चौकातून मिनिटाला दहा गाड्या येत राहिल्या आणि पुढचा सिग्नल लालच राहिला, तर तो रस्ता दीड मिनिटात भरतो. सोळावी-सतरावी गाडी मागच्या चौकाच्या मधोमध अडकते. आता आडव्या रस्त्याला हिरवा दिवा मिळूनही उपयोग नाही, आणि त्याची शेपटी त्याच्या मागच्या चौकापर्यंत जाते. चार चौकांचा एक चौकोन असा बंद झाला की कुणीच पुढे जाऊ शकत नाही, कारण प्रत्येकाला पुढच्यानं हलायला हवं आणि तो पुढचा फिरून आपल्याच मागे असतो. अशी कोंडी सिग्नल दुरुस्त केला तरी आपोआप सुटत नाही. गाड्या हातानं मागे घेऊन एखादा चौक आधी मोकळा करावा लागतो. म्हणून दरोडेखोरांना मिळणारा वेळ अवास्तव नाही.

सगळीकडून एकदम हिरवा दिवा लावायची युक्ती मात्र आज चालणार नाही. परस्परविरोधी दिशांना एकाच वेळी हिरवा गेला की नियंत्रक पेटीतली वेगळी यंत्रणा तो चौक लुकलुकत्या दिव्यावर टाकते, वरून संगणकानं काहीही सांगितलं तरी.

कोंडीची ही कल्पना मुळात लंडनच्या वाहतुकीवरून पटकथाकाराचे भाऊ इयन केनेडी मार्टिन यांना सुचलेली. ट्रॉयनी ती त्यांच्याकडून घेतली आणि तुरिनला नेली.

प्रश्न : सुरुवातीला इतकी सुंदर लॅम्बोर्गिनी खरोखर चिरडली का?

नाही, जीव भांड्यात पडू द्या. ग्रेट सेंट बर्नार्ड घाटातून मॅट मन्रोच्या गाण्यावर धावणारी नारिंगी मिऊरा वेगळी आणि दरीत जाते ती वेगळी, आधीच अपघातात मोडलेली. धावणारी गाडी कंपनीचे एन्झो मोरुझ्झी यांनी चालवली. त्या गाडीची आसनं पांढऱ्या चामड्याची होती. ती खराब होऊ नयेत म्हणून काढून काळी बसवली, पण डोकं टेकायच्या उशा काढता येत नव्हत्या. म्हणून काळ्या आसनांवर पांढऱ्या उशा दिसतात, पुढच्या वेळी लक्ष ठेवा. २०१९ मध्ये, चित्रपटाला पन्नास वर्षं होताना, लॅम्बोर्गिनीनं चॅसी क्रमांक ३५८६ हीच ती गाडी, असं प्रमाणपत्र दिलं.

प्रश्न : शेवटी बस कड्यावर लटकते आणि चित्रपट संपतो. सोनं आणि माणसं, दोन्ही वाचवता येतील का?

सर्वाधिक पत्रं या प्रश्नाची. स्थिती आधी नीट मांडू. बस आहे बेडफर्डच्या व्हीएएल१४ सांगाड्यावरची हॅरिंग्टन लीजनेअर, ३६ फुटी, म्हणजे ११ मीटर. पुढे चार चाकं, दोन्ही जोड्या वळणाऱ्या. मागे एक आस. मिनी आत घेऊन, सोनं उतरवून, गाड्या दरीत ढकलून दिल्यावर बसमध्ये उरतात माणसं आणि सोनं. वळणावर बस घसरते, मागचा भाग दरीवर जातो, सोनं सरकत शेपटाला पोचतं आणि माणसं पुढच्या टोकाला.

ही तरफ आहे आणि कड्याची कड हा टेकू. आकडे सोयीचे घेऊ : सोनं ३,५५५ किलो, कडेपासून ३ मीटर मागे, बारा माणसं मिळून ९०० किलो, कडेपासून ५ मीटर पुढे. मागचं बल गुणिले अंतर १०,६६५, पुढचं ४,५००. उरलेला समतोल बसचं पुढचं वजन आणि पुढचं इंजिन सांभाळतंय. आता ७५ किलोचा क्रोकर पाच मीटर मागे, म्हणजे थेट कडेपाशी सरकला तर ३७५ एककांचा फरक पडतो. उलट सोनं फक्त अर्धा मीटर मागे सरकलं तर फरक १,७७७, म्हणजे क्रोकरच्या सरकण्याच्या पावणेपाचपट. तो हात पुढे करतो तशा लगडी मागे घसरतात, तेव्हा धोका त्याच्या वजनाचा कमी आणि घसरण्याचा जास्त.

मायकेल केन यांनी सांगितलेला शेवट असा : इंजिन चार तास चालू ठेवायचं, टाकी रिकामी झाली की मागचं वजन घटतं, बस सावरते, माणसं बाहेर पडतात आणि सोनं मात्र खाली, टपून बसलेल्या माफियाच्या हाती. तत्त्व बरोबर आहे, कारण टाकी मागे आहे. वेळेचं गणित मात्र डळमळतं. व्हीएएल१४ ला लेलँडचं डिझेल इंजिन असायचं आणि असं इंजिन जागेवर उभं असताना तासाला दोनेक लिटरच पितं. चार तासांत आठ लिटर, म्हणजे सात किलो. टाकी जवळपास रिकामी असेल तरच ती चार तासांत संपेल, आणि तसं असेल तर वजनही फारसं घटणार नाही. वर इंजिनाची थरथर आहेच.

२००८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं याच कोड्यावर स्पर्धा घेतली. अटी दोन : अर्ध्या तासात काम व्हावं आणि हेलिकॉप्टर वापरायचं नाही. विजेतं उत्तर क्रमानं असं :

कडेच्या मागच्या बाजूच्या दोन मोठ्या खिडक्या फोडायच्या आणि काच बाहेर पाडायची, वजन दरीत जातं. पुढच्या चाकांवरच्या खिडक्या आतल्या बाजूला फोडायच्या, काच आतच राहते. मग पुढच्या खिडकीतून एकाला दोरीनं खाली सोडून पुढच्या टायरांतली हवा काढायची, म्हणजे बसचं डुलणं थांबतं. नंतर बसच्या तळातल्या झाकणातून पोचून टाकीतलं इंधन सोडून द्यायचं. आता एक माणूस बाहेर पडू शकतो. त्यानं दगड गोळा करून पुढे भरायचे आणि पुरेसे झाले की सोनं काढायला जायचं.

या क्रमातलं शहाणपण असं की सुरुवातीच्या कामांसाठी कुणाला मागे जावं लागत नाही किंवा फार थोडं जावं लागतं. दोन मोठ्या काचा म्हणजे तीसेक किलो. टाकीत दीडशे लिटर डिझेल असेल तर सव्वाशे किलो. थोडं थोडं करत पहिल्या माणसापुरती उसंत मिळते. चूक कुठे होईल तर घाईनं दुसराही उतरायला गेला तर. माणूस उतरला की त्याचं ७५ किलो वजनही उतरतं, म्हणून आधी तितके दगड आत, मगच पुढचा माणूस बाहेर. एक टन भरायला २५ किलोचे चाळीस दगड लागतात. अर्ध्या तासात एकट्यानं हे जमवणं कठीणच. तीन-चार जण बाहेर आल्यावर जमेल.

सोनं काढतानाही चालत जायचं नाही. पालथं झोपून, आकडा लावलेल्या दोरीनं एकेक लगड ओढायची. साडेबारा किलोची लगड तीन मीटर मागून चार मीटर पुढे आली की ८७ एककांचा फायदा. पहिल्या दहा लगडी जिवावरच्या, नंतर प्रत्येक लगडीनं काम सोपं होत जातं.

प्रश्न : हे विद्यार्थ्यांना वर्गात दाखवायचंय. सोपा प्रयोग सांगाल?

३० सेंटिमीटरची ताठ पट्टी घ्या आणि एकसारखी पाच नाणी. पट्टीचे १८ सेंटिमीटर टेबलावर, १२ बाहेर. बाहेर कडेपासून १० सेंटिमीटरवर तीन नाणी (हे सोनं), आत कडेपासून १५ सेंटिमीटरवर दोन (ही माणसं). दोन्हीकडचा गुणाकार ३०, वर पट्टीचं स्वतःचं वजन आतल्या बाजूला, म्हणून ती टिकते. आता आतली नाणी हळूहळू कडेकडे सरकवत पट्टी उचलू लागेल अशी जागा शोधा आणि तिथून बाहेरची नाणी अर्धा सेंटिमीटर आणखी बाहेर सरकवा. काय होतं ते सांगायला नको.

बिघडतं ते तीन कारणांनी. टेबलाची कड गोलसर असेल तर पट्टी कलताना टेकूच सरकतो आणि हिशेब जुळत नाही, धारदार कडेचं टेबल घ्या. लवचिक प्लॅस्टिकची पट्टी वाकते, लाकडी बरी. आणि गुळगुळीत पृष्ठभागावर पट्टी कलायच्या आधी घसरते, खाली खरखरीत कागद ठेवा. नाणी प्रत्येक वेळी चिकटपट्टीनं पक्की करा.

प्रश्न : सोन्याचे आयफेल टॉवर करून पळवणारा जुना चित्रपट कोणता? ते शक्य आहे का?

‘द लॅव्हेंडर हिल मॉब’, १९५१, ईलिंग स्टुडिओचा. दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन, पटकथा टी. ई. बी. क्लार्क यांची, तिला ऑस्कर मिळालं. सोन्याच्या वाहतुकीवर नजर ठेवणारा गरीब बिचारा कारकून झालाय ॲलेक गिनेस आणि शिशाच्या शोभेच्या वस्तू ओतणारा त्याचा साथीदार स्टॅन्ली होलोवे. दहा लाख पौंडांचं सोनं. तेव्हाचा भाव औंसाला १२ पौंड ८ शिलिंग, म्हणजे सुमारे अडीच टन.

ओतकाम सांगायला सोपं, करायला नाही. शिसं ३२७ अंशांना वितळतं, लोखंडी पातेल्यात आणि साध्या भट्टीवर. सोन्याला १०६४ अंश लागतात, ओतायचं तर आणखी वर. त्यासाठी ग्रॅफाइटची मूस, भात्याची भट्टी आणि तेवढी उष्णता सोसणारा साचा हवा, आणि साचा आधी तापवून घ्यायचा, नाहीतर टॉवरच्या बारीक जाळीत पोचायच्या आधीच सोनं गोठतं. पकडले जाण्याची खरी भीती आहे ती वजनाची. शिशाची घनता ११.३, सोन्याची १९.३. शिशाचा एक किलोचा मनोरा सोन्यात १.७ किलोचा होतो. पेटी उचलणाऱ्या हमालालाच कळेल, कस्टमवाला लांबची गोष्ट.

या दोन चित्रपटांचा कॅमेरामन एकच, डग्लस स्लोकोम्ब. पहिला काळा-पांढरा आणि गच्च भरलेल्या खोल्यांचा, दुसरा रुंद पडद्यावरचा, आल्प्सच्या उन्हाचा. लागोपाठ बघा.

प्रश्न : तुरुंगातून सूत्रं हलवणारे मिस्टर ब्रिजर कोण?

नाटककार, गायक, नट नोएल कॉवर्ड. हा त्यांचा शेवटचा चित्रपट. दिग्दर्शक कॉलिन्सन नटांच्या मुलांसाठीच्या ज्या अनाथाश्रमात वाढले त्याचे कॉवर्ड अध्यक्ष होते, त्यामुळे ही निवड नुसती नामांकित नट मिळवण्यापुरती नव्हती. तुरुंगाच्या आतली दृश्यं डब्लिनच्या किल्मेनम जेलमधली.

प्रश्न : कोणती प्रत पाहावी? माझ्याकडची ९५ मिनिटांची आहे, काही कापलंय का?

बहुधा नाही. चित्रपट ९९ मिनिटांचा आहे. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट युरोपीय टीव्हीसाठी २५ चौकटींनी चालवला की ९९ ची ९५ मिनिटं होतात आणि आवाज किंचित वरच्या पट्टीत जातो. क्विन्सी जोन्सचं संगीत ऐकायचं असेल तर २४ चौकटींची प्रत शोधा.

त्याहून महत्त्वाचं चौकटीचं प्रमाण. चित्रपट पॅनाव्हिजनमध्ये, २.३५ ला १ अशा रुंद चौकटीत घेतलाय. जुन्या टीव्ही प्रतींमध्ये चौकोनी पडद्यासाठी कडा छाटलेल्या असतात आणि तीन मिनींपैकी एखादी सतत चौकटीबाहेर राहते. वर-खाली काळे पट्टे दिसले तरच ती प्रत घ्या. आणि वेष्टनावरचं साल बघून घ्या : २००३ मध्ये याच नावाचा अमेरिकन चित्रपट आला, त्यात व्हेनिस आणि लॉस एंजेलिस आहे, नव्या पिढीच्या मिनी आहेत, पण कड्यावरची बस नाही.